बौद्धविद्येचा जगभरचा संसार

१८३७ साली काठमांडूहून निघालेल्या संस्कृत हस्तलिखितांच्या पेट्या पॅरिसला पोचल्या. पाठवणारा ब्रायन हॉटन हॉजसन हा नेपाळ दरबारातला कंपनी सरकारचा रेसिडेंट. अशाच पोथ्या त्याने कलकत्त्याला आणि लंडनलाही धाडल्या होत्या, पण तिथे त्यांना वाचक मिळाला नाही. पॅरिसला तो मिळाला. यूजीन बुर्नूफ हा कॉलेज द फ्रान्समध्ये संस्कृत शिकवणारा पंडित या पोथ्यांवर अक्षरशः तुटून पडला. ‘सद्धर्मपुंडरीक’ त्याने फ्रेंचमध्ये उतरवले आणि १८४४ मध्ये भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरचा आपला जाडजूड ग्रंथ छापला. हा गृहस्थ भारतात कधी आला नाही. चालताबोलता बौद्ध माणूस त्याने बहुधा पाहिलाही नसावा. तरी विद्यापीठांमधला बौद्धविद्येचा अभ्यास खऱ्या अर्थाने त्याच्यापासून सुरू झाला, असे आजही मानले जाते.

या कथेत एक नाव मात्र नेहमी खाली राहते. पाटणचे नेवार पंडित अमृतानंद. कोणती पोथी कशाबद्दल आहे, ती कोणाकडून मिळेल, तिचा अर्थ काय, हे हॉजसनला त्यांनी सांगितले. आणि हा प्रकार एकट्या नेपाळातला नव्हता. हंगेरीचा चोमा द कोरोश हा लडाख-झांस्करच्या थंडीत एका लामांपुढे बसून तिबेटी शिकला. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ मध्ये कलकत्त्यात निघाला. रॉबर्ट चिल्डर्सच्या १८७५ च्या पाली कोशामागे सिलोनचे वास्कडुवे सुभूती थेर यांचा पत्रव्यवहार आणि विद्या उभी आहे. गुरू आशियातला, मुखपृष्ठावरचे नाव युरोपातले, अशी ही वाटणी होती. आभार मानायला कोणी विसरत नसे, पण ते प्रस्तावनेत. बौद्धविद्येचा पुढचा सगळा इतिहास मला या मुखपृष्ठाच्या भांडणाचा इतिहास वाटतो.

पालीकडे युरोप वळला तो आधी कोपनहेगनमध्ये. व्हिगो फाउसबोल याने १८५५ मध्ये धम्मपदाची संपादित आवृत्ती लॅटिन भाषांतरासह काढली. इंग्रजांची वाट सिलोनमार्गे होती. टी. डब्ल्यू. र्‍हिस डेव्हिड्स तिथे मुलकी नोकरीत होते. वरिष्ठांशी वाजले, नोकरी गेली, आणि पालीला एक जन्माचा कामकरी मिळाला. १८८१ मध्ये त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटी काढली. त्रिपिटक आणि अट्ठकथा रोमन लिपीत छापून काढण्याचे या संस्थेने केलेले काम थोर आहे, त्याला तोड नाही. पण त्यांनी उभा केलेला बुद्ध जरा फारच त्यांच्यासारखा होता: बुद्धिवादी, नीतिमान, कर्मकांडाचा तिटकारा असलेला, थोडक्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातला सुशिक्षित इंग्रज. स्तूपापुढे फुले वाहणारा सिंहली शेतकरी त्यांच्या हिशेबी मूळ धर्मापासून ढळलेला.

जपानने हे सगळे फार लवकर ओळखले. १८७९ मध्ये नान्जो बुन्यू आणि कासाहारा केन्जू हे दोन तरुण भिक्षू ऑक्सफर्डला मॅक्सम्युलरकडे संस्कृत शिकायला दाखल झाले. कासाहारा मायदेशी परतून लवकरच क्षयाने गेला. नान्जोने चिनी त्रिपिटकाची सूची १८८३ मध्ये इंग्रजीत काढली, स्वतःच्या नावाने. मॅक्सम्युलरचाच दुसरा विद्यार्थी ताकाकुसू जुन्जिरो. त्याने सहकाऱ्यांसह १९२४ ते १९३४ या काळात चिनी त्रिपिटकाची ‘ताइशो’ आवृत्ती सिद्ध केली. तिचे खंड १००, आणि आज जगात कुठेही चिनी बौद्ध ग्रंथाचा हवाला द्यायचा तर तिचाच खंड आणि पान सांगावे लागते. टोकियो विद्यापीठाने ती संगणकावरही आणली आहे. जपानची आणखी एक तऱ्हा आहे. तिथे रयुकोकु, ओतानी, कोमाझावा, ताइशो, कोयासान ही विद्यापीठे बौद्ध संप्रदायांतूनच उभी राहिली. देवळाच्या पुजाऱ्याचा मुलगा तिथे संस्कृत-तिबेटी शिकतो, प्रबंध लिहितो आणि वडिलांमागे देऊळही सांभाळतो. श्रद्धा असली की चिकित्सा मरते, असे म्हणणाऱ्याने कोमाझावा पाहावे. सोतो झेनच्या या विद्यापीठातल्या हाकामाया आणि मात्सुमोतो या दोन प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात, सर्वांच्या ठायी बुद्धत्व असते ही आपल्याच परंपरेची लाडकी कल्पना बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही, असे सांगून मोठी खळबळ उडवली.

रशियाचे प्रकरण वाचताना वाईट वाटते. लेनिनग्राडला श्चेरबात्स्की यांनी दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या तर्कशास्त्राचा जो अभ्यास केला, त्याचे ‘बुद्धिस्ट लॉजिक’ हे दोन खंड १९३० ते ३२ मध्ये निघाले. भारतातले तत्त्वज्ञानाचे अभ्यासकही ते अजून हाताशी ठेवतात. पण स्टालिनच्या राज्यात हे घराणे मोडले. वोस्त्रिकोव या त्यांच्या हुशार शिष्याला १९३७ मध्ये गोळी घातली गेली. पुढे बुर्यात अभ्यासक बिदिया दांदारोन १९७४ मध्ये छावणीत कैदी म्हणूनच वारले. बौद्ध न्याय शिकला म्हणून माणूस जिवाला मुकतो, असाही देश या संसारात होता.

आता आपल्याकडचे. धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये गोव्यात साखवाळला जन्मले. बुद्धाचे चरित्र त्यांनी पहिल्यांदा वाचले ते ‘बालबोधमेवा’ या मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच्या मासिकात, आणि घर सोडले ते १८९९ मध्ये. पुणे, काशी, नेपाळ करत ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल थेरांपाशी पोचले, तिथे पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. कलकत्त्याला पाली शिकवण्याची चांगली नोकरी लागली होती. ती सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडून महिना ५० रुपयांची तरतूद पत्करली. हा सौदा कोणत्याही चाकरमान्याला वेडेपणाचाच वाटेल.

१९१० मध्ये त्यांना हार्वर्डचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन हा श्रीमंत, अपंग अमेरिकन पंडित बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ची आवृत्ती अर्धवट ठेवून १८९९ मध्ये वारला होता. ती पुरी करायला पालीत मुरलेला माणूस हवा होता. कोसंबींनी पाठ तपासले, अवतरणांची मुळे शोधली. काम होत आले तशी श्रेयाची गोष्ट निघाली. प्राध्यापक लॅनमन यांना कोसंबी मदतनीस म्हणून हवे होते, संपादक म्हणून नव्हे. कोसंबींनी ऐकले नाही आणि १९१२ मध्ये काम तसेच ठेवून ते परतले. अमृतानंदांच्या बाबतीत जे निमूट चालून गेले, ते इथे अडले. पुढे ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये भारतीय विद्या भवनातर्फे काढली. हार्वर्डची रोमन आवृत्ती निघाली १९५० मध्ये, आणि तिच्यावर वॉरनसोबत कोसंबींचे नाव आहे. ते पाहायला ते नव्हते. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी उपोषण करून देह ठेवला होता.

१९१२ मध्ये हार्वर्डहून परतल्यावर फर्ग्युसन कॉलेजात कोसंबींनी जो पाली वर्ग घेतला, त्यातून महाराष्ट्रात या विद्येची पिढी घडली. पु. वि. बापट त्यातले. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ पालीत उरलेला नव्हता, जुन्या चिनी भाषांतरात होता. बापटांनी त्यासाठी चिनी आत्मसात केली आणि त्या ग्रंथाची ‘विसुद्धिमग्ग’शी तुलना करणारा प्रबंध १९३७ मध्ये पुण्यातून छापला. दिल्ली विद्यापीठात १९५७ मध्ये बौद्ध अभ्यासाचा विभाग निघाला तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच आली. वा. वि. गोखले तिबेटी आणि चिनी दोन्हींत पारंगत. बेल्जियमच्या ला व्हाले पूसँ यांनी ‘अभिधर्मकोश’ १९२३ ते ३१ या काळात फ्रेंचमध्ये आणला तो चिनी-तिबेटीच्या आधारे, कारण मूळ संस्कृत ग्रंथ त्यांना उपलब्ध नव्हता. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या मठांतून मूळ पोथ्यांची छायाचित्रे आणली आणि कारिका गोखल्यांनी १९४६ मध्ये संपादून प्रसिद्ध केल्या. पाली, संस्कृत, तिबेटी, चिनी या चारही भाषा हाताळणारी माणसे तेव्हा पुण्यात होती. आज अशी माणसे शोधावी लागतात.

अमेरिकेत हा विषय पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९६१ मध्ये बौद्ध अभ्यासात डॉक्टरेटचा स्वतंत्र कार्यक्रम काढला. तिबेटमधून परागंदा झालेले गेशे ल्हुंदुब सोपा तिथेच १९६७ पासून शिकवू लागले. नंतर व्हर्जिनिया, मिशिगन, कोलंबिया अशी केंद्रे वाढत गेली. सकाळी ध्यानाला बसणारा आणि दुपारी वर्गात शिकवणारा प्राध्यापक तिथे नवलाचा राहिला नाही. यावर कुरकूर करणारेही आहेत. मला त्यात वावगे दिसत नाही. मीमांसा शिकवणारा संध्या करतो म्हणून त्याची मीमांसा कच्ची ठरत नाही.

खरा धक्का दिला तो ग्रेगरी शोपेन यांनी. १९९१ मधल्या एका लेखात त्यांनी सरळ विचारले: धर्म ग्रंथातच असतो, हे तुम्हाला कोणी सांगितले? भिक्षू प्रत्यक्षात काय करत होते ते पाहायचे तर शिलालेख वाचा. आणि शिलालेख म्हटले की मुक्काम आपल्याच दाराशी येतो. कार्ले, कान्हेरी, कुडे, नाशिक. नाशिकच्या दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणे संघाला कायमची ठेव म्हणून दिली. त्यातली २,००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी काढायचे नाही. व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंना चिवरासाठी पैसे मिळायचे. कुठल्याही सहकारी पतपेढीच्या चिटणिसाला समजेल असा हा व्यवहार आहे. पश्चिम भारतातल्या कित्येक लेखांत दान देणारे स्वतः भिक्षू-भिक्षुणी आहेत. ज्यांच्याजवळ आठ वस्तूंपलीकडे काही नसावे असे पुस्तक म्हणते, त्यांनी खांब आणि पाण्याची टाकी खोदवून घेतली. पुस्तके वाचून उभा केलेला शांत, निष्कांचन संघ या लेखांपुढे टिकत नाही.

पोथ्याही संपल्या नव्हत्या. १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीकडे भूर्जपत्राच्या गुंडाळ्या आल्या, मातीच्या मडक्यांसह. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या, खरोष्ठी लिपीत, गांधारी भाषेत. हात लावला तर चुरा होईल अशी स्थिती. त्यांना दमट हवेत ठेवून मऊ केले, चिमट्याने थर थर उलगडले आणि काचांच्या मध्ये बंद केले. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे वाचन सुरू झाले आणि अजून चालू आहे. पाली हीच बुद्धवचनाची एकमेव जुनी वाट, हा समज या तुकड्यांनी जवळपास निकालात काढला. थेरवादी देशांत हे सहज पचत नाही, आणि आपल्याकडच्या पाली अभ्यासक्रमांतही त्याची फारशी दखल दिसत नाही.

एवढ्या मोठ्या संसारात एक मोठे घर मात्र बराच काळ बाहेर राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे बौद्ध झाली. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि कोश यांवर स्वतः काम केले होते; ते राज्य शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात छापले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ मध्ये इंग्रजीत निघाले. चार दृश्ये पाहून गौतमाने घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली; कोसंबींनीही ‘भगवान बुद्ध’मध्ये तिला इतिहास मानले नव्हते. पाश्चात्त्य विद्यापीठांनी मात्र बाबासाहेबांच्या ग्रंथाला बौद्ध वाङ्मयात धरायचे की राजकारणात, याचा निर्णय लांबवला. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियाला महार चळवळीवर प्रबंध दिला, तो इतिहासाचा. बौद्ध अभ्यासाच्या संग्रहात आंबेडकरांना मानाचे पान मिळू लागले ते ‘एंगेज्ड बुद्धिझम’ हे संपादित पुस्तक १९९६ मध्ये निघाले तेव्हापासून. झेनवर तोवर कपाटेच्या कपाटे भरली होती.

परक्यांना नावे ठेवून भागत नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांतले ६५ लाखांवर महाराष्ट्रात. मुंबई, पुणे, नागपूर इथे पाली शिकवली जाते, विद्यार्थी येतात, त्यांच्यात मन लावून शिकणारेही पुष्कळ असतात. पण पदवीनंतर तिबेटी किंवा चिनी शिकण्याची सोय तोकडी, पदे रिकामी, आणि हाताशी आलेला विद्यार्थी स्पर्धा परीक्षेकडे वळतो. जपानने नान्जोला परदेशी धाडले तसे आपल्या एखाद्या विद्यापीठाने दरवर्षी दोघांना क्योतो, हाम्बुर्ग किंवा सारनाथला चार वर्षे पाठवावे. खर्च एका पुतळ्याच्या सुशोभीकरणापेक्षा कमी येईल.

आणि एक काम तर विद्यापीठाची वाट न पाहता करता येते. दीक्षेच्या काळातली पत्रके, गावच्या पहिल्या विहाराच्या देणगीदारांच्या याद्या, बौद्ध पद्धतीच्या लग्नपत्रिका, जलशांच्या वह्या, समता सैनिक दलाचे फोटो घरोघरी ट्रंकेत आहेत. नाशिकच्या लेखाचे जे मोल, तेच उद्याच्या अभ्यासकाला या कागदांचे. ते रद्दीत घालू नका. मागे तारीख, गाव आणि माणसांची नावे लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि जवळच्या पाली किंवा इतिहास विभागात एक प्रत द्या. दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका आणि तिच्यावर देणाऱ्याचे नाव लिहून घ्या.