ओम्नीनंतर घरची गाडी

कोजागिरीच्या रात्री दूध आटत होतं आणि विषय निघाला गाड्यांचा. २२ सप्टेंबरपासून गाड्यांवरचा जीएसटी उतरला होता, दिवाळी तोंडावर होती आणि मंडळातल्या तीन-चार घरांत जुनी व्हॅन काढून "ती उंचवाली" घ्यायचं घाटत होतं. आमची ओम्नी २००५ सालची. नोव्हेंबरात तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. सगळ्यांनी आम्हालाच धरलं, "तुम्ही बँकेतले, हिशेब करून सांगा." आम्ही म्हटलं, आधी आमची गाडी येऊ द्या, मग चुकांसकट लिहू. गाडी येऊन आता तीन महिने झाले, म्हणून हा लेख.

आधी जुनीबद्दल. मारुतीने ही व्हॅन १९८४ साली आणली, ओम्नी हे नाव तिला नंतर मिळालं. ७९६ सीसीचं छोटंसं इंजिन पुढच्या सीटखाली, दोन्ही बाजूंना सरकणारी दारं आणि मागे सपाट जागा. आमच्या उकव्यात तिने काय नाही वाहिलं? बालाघाटच्या बाजारातून तांदळाची पोती आणली, गणपती आणला, लग्नातली कपाटं नेली आणि मध्यरात्री पेशंटही नेले. गाडीच्या कागदावर आमचं नाव, वापर मात्र गल्लीचा. चावी खुंटीला असे, आणि आम्ही बँकेत असलो तरी ती खुंटीवरून कोण घेऊन गेलं हे घरी सगळ्यांना ठाऊक असे.

पण एक गोष्ट इतकी वर्षं आम्ही स्वतःशी कबूल केली नव्हती. ओम्नीत चालवणाऱ्याचे गुडघे हेच गाडीचं टोक. समोर बॉनेट नाही, एअरबॅग नाही, धडक सोसायला काहीच नाही. समोरून धडक देऊन गाडी तपासायचे नवे नियम आले तेव्हा ती त्यात बसण्यासारखी नव्हती, आणि २०१९ साली तिचं उत्पादन बंद झालं. आम्ही ही बातमी वाचली, हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातूनच बालाघाटला गेलो.

२०२४ च्या पावसाळ्यात घाटात एका वळणावर खनिजाचा ट्रक अंगावर आला. आम्ही गाडी डावीकडे उतरवली, ती झुडपात रुतून थांबली. आत नऊ जण होते, त्यातली दोन मुलं मोठ्यांच्या मांडीवर. कोणाला खरचटलंही नाही. धाकटी नात आईच्या, म्हणजे तिच्या पणजीच्या, मांडीवर झोपलेली होती, ती जागीसुद्धा झाली नाही. त्या रात्री आम्हा दोघांना मात्र झोप आली नाही. गाडी बदलायचा निर्णय खरा त्या रात्रीचा. जीएसटी हे नंतरचं निमित्त.

तर पहिलं काम म्हणून आम्ही पेट्रोलची नोंदवही काढली. बँकेची सवय, प्रत्येक फेरीला तारीख, किलोमीटर आणि कोण बसलं होतं ते लिहिलेलं. वर्षभराची पानं उलटली तर गावाबाहेरच्या बहुतेक फेऱ्यांत आम्ही दोघं आणि आई, एवढेच. मुलगा, सून आणि दोन्ही नाती नागपूरहून रेल्वेने येतात तेव्हा त्यांना आणायला एक जण जातो, म्हणजे पाच. पाचापेक्षा जास्त माणसं वर्षात फक्त आठदा बसली होती. त्यांतल्या पाच फेऱ्या लग्न-बारशाच्या, म्हणजे भाड्याची गाडी करता आली असती. "आपल्याला सात-आठ सीट लागतातच" हे आम्ही वीस वर्षं म्हणत होतो, वहीने ते खोटं ठरवलं. तुमच्या घरी वही नसेल तर गेल्या तीन महिन्यांच्या फेऱ्या आठवून लिहा. शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी हे कराच, कारण तिथे गेल्यावर माणूस स्वतःचं घर विसरतो.

तुमच्या वहीत सात जण वारंवार निघाले, तर गोष्ट वेगळी. मग अर्टिगा, कॅरेन्स किंवा ट्रायबर पाहा. फक्त तिन्ही ओळी भरल्यावर डिक्कीत काय उरतं ते विचारा. अर्टिगात २०९ लिटर उरतात. चार मीटरच्या आत बसवलेल्या ट्रायबरमध्ये ८४ लिटर, म्हणजे दोन-तीन पिशव्या. सात माणसं नागपूरला चार दिवस राहायला निघाली तर बॅगा कोणाच्या मांडीवर? आणि शेवटच्या ओळीत स्वतः अर्धा तास बसून पाहा. तिथे मुलंच बसणार असं आपण म्हणतो, पण मुलं दोन वर्षांत गुडघ्यांनी वाढतात.

आता ही "उंचवाली" म्हणजे काय ते. आपल्याकडे जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी एसयूव्ही. पण बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्यात खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर डबा बसवलेला असतो. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, क्रेटा या आतून साध्या कारच. सांगाडा आणि डबा एकजीव, फक्त उंच केलेल्या. यांना क्रॉसओव्हर म्हणतात. शेताच्या चिखलात, ओढ्यात रोज जायचं असेल तर पहिला प्रकार बरा. ज्यांना घाटाचा डांबरी रस्ता, मधले खड्डे आणि पावसाळ्यात वाहून आलेली गिट्टी एवढंच पार करायचं आहे, त्यांना दुसरा पुरतो. नेक्सॉनचं पोट जमिनीपासून २०८ मिलिमीटर वर आहे, ब्रेझाचं १९८. एवढ्या फरकाने उकव्यात कोणाचं काही अडणार नाही. जंगलातल्या रस्त्याने मुक्कीला जाणाऱ्यांचंही नाही.

या गाड्यांची मागची बाजू कापल्यासारखी का दिसते, याचं उत्तर अर्थसंकल्पात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसीपर्यंतच्या आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. तेव्हापासून कंपन्या ३९९५ मिलिमीटरवर गाडी संपवतात. तीच रेघ जीएसटीतही टिकली. या रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. इथे आमची पहिली चूक झाली. ब्रेझा चार मीटरच्या आत, म्हणून आम्ही तिच्यावर १८ टक्के धरून हिशेब केला. पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती ४० मध्ये जाते. नेक्सॉनचं पेट्रोल ११९९ आणि डिझेल १४९७ सीसीचं, दोन्ही १८ मध्ये. कराआधी ८ लाखांची लहान पेट्रोल गाडी पूर्वी २९ टक्क्यांनी १० लाख ३२ हजारांना पडायची, ती आता ९ लाख ४४ हजारांना पडते. तेवढ्याच मूळ किमतीच्या रेघेबाहेरच्या गाडीला ११ लाख २० हजार लागतात. लांबी आणि सीसी दोन्ही विचारा.

सुरक्षिततेचे तारे आता सगळ्यांना ठाऊक झालेत. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, त्याआधी ग्लोबल एनकॅपचे निकाल येत. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने देतात. मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे, हे मात्र जाहिरातीत एकत्र होतं. दोन्ही पाहा. आणि तारे नावाला नसतात, त्या साच्याच्या गाडीला असतात. ब्रेझाचे चार तारे २०१८ सालचे, गाडीचा साचा २०२२ मध्ये बदलला. ईकोला २०१६ मध्ये शून्य मिळालं, पण तपासलेली गाडी बिनएअरबॅगची होती. २०२५ मध्ये तिला सहा एअरबॅग मिळाल्या. नेक्सॉनला २०१८ मध्ये पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच, आणि नव्या साच्याची २०२४ मध्ये पुन्हा चाचणी होऊन पाचच मिळाले. त्यामुळे निकालाचं साल विचारल्याशिवाय तारे मोजू नका.

पण पट्टा नसेल तर पाच तारेही कामाचे नाहीत, मागच्या सीटवर तर विशेषच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते महागड्या, भक्कम गाडीच्या मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. मांडीवरचं मूल धडकेत हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. आम्ही धाकट्या नातीसाठी बालआसन घेतलं. ते अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या मागच्या दोन कडेच्या जागांवर असतात. मागे मधल्या जागेला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्यामागे टेकण आहे का, तेही पाहून घ्या. कित्येक गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये नसतं.

आता आईची परीक्षा. आई चौऱ्याऐंशीची, गुडघे गेलेले, नऊवारी अजून सुटलेली नाही. ओम्नीत ती नुसती मागे टेकायची आणि पाय आत घ्यायची. म्हणून तिला घेऊनच शोरूमला गेलो. विकणारा पोरगा बिचारा सनरूफ दाखवत होता, आणि आई दाराशी उभी राहून म्हणाली, "हे गाडी होय का मचान होय गा? मले शिडी लागन." त्या पहिल्या गाडीत तिला खरंच पाटावर पाय ठेवून चढावं लागलं. दुसरीत सीट बरोबर कमरेच्या उंचीला आली. ती वळून बसली आणि पाय फिरवले, झालं. उतरतानाही हात धरावा लागला नाही. सीटची उंची कोणत्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. खुर्चीत बसल्यासारखं बसता आलं पाहिजे, खाली धसायला नको आणि वर चढायलाही नको. दारं किती उघडतात, खांबाला धरायला मूठ कुठे आहे, हे म्हाताऱ्या माणसालाच कळतं. घरातलं सर्वांत म्हातारं आणि सर्वांत लहान माणूस बसवून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पैशाचं आम्ही थोडक्यात सांगतो, नाहीतर लेखाची पासबुक होईल. समजा पाच लाख कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांचा हप्ता १०,३७९ रुपये, सात वर्षांचा सुमारे ८,०४५. सात वर्षांचा हलका वाटतो, पण व्याजाचे जवळपास ५३ हजार जास्त जातात. शोरूमवाला नेहमी हप्ता सांगतो, एकूण रक्कम आपण विचारायची. विमा त्यांच्याकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. आम्ही बाहेरून भाव काढला, तो दाखवल्यावर त्यांनीही कमी केलं. वरच्या मॉडेलसाठी मागितलेल्या लाख-सव्वा लाखात काय वाढतं ते कागदावर मागा. सनरूफ आणि मोठा पडदा वगळून सहा एअरबॅग आणि मागचा कॅमेरा उरत असेल तर मधलं मॉडेल पुरे. सर्व्हिसिंग कुठे होणार हेही विचारा. आपल्याला निदान बालाघाटपर्यंत, म्हणजे घाट उतरून चाळीसेक किलोमीटर जावं लागतं.

आपल्या सीमेवरच्या लोकांना एक मोह होतो, गोंदियाला किंवा नागपूरला गाडी घ्यायची आणि मुलाच्या पत्त्यावर महाराष्ट्राचा नंबर टाकायचा. घ्या जरूर, पण गाडी इथे राहणार असेल तर तात्पुरती नोंदणी करून बालाघाटच्या आरटीओत एमपी ५० चा नंबर घ्या. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नोंदणी बदलावी लागते, ना-हरकत दाखला आणावा लागतो आणि इथला कर भरून तिथला परत मागावा लागतो. त्या परताव्याच्या फायली आम्ही नोकरीत असताना ग्राहकांच्या हातात पाहिल्या आहेत.

ओम्नीचं काय झालं, असं सगळे विचारतात. २०२० मध्ये नोंदणीचं नूतनीकरण ६०० रुपयांत झालं होतं. आता वीस वर्षांवरच्या गाडीला शुल्क १० हजार झालं आहे. एक-दोघं ती विकत मागत होते, त्यांतला एक शाळेची मुलं नेणारा. आम्ही नाही म्हटलं आणि भंगारात दिली. ज्या गाडीत आपली नात बसवायची नाही तिच्यात दुसऱ्याची कशी बसवायची? तो माणूस अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

आम्ही नेक्सॉनचं पेट्रोल, मधलं मॉडेल घेतलं. तुम्हीही तेच घ्यावं असं मुळीच नाही. तिच्यातही बालआसन लावल्यावर मागे फक्त दोन जण नीट बसतात, तिसरा अंग चोरून. पण खरी अडचण वेगळीच निघाली. गाडी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शेजारचं कुटुंब लग्नाला निघालं, त्यांचे चार आणि आमचे दोघं. पूर्वी हिशेबच नसता. आम्ही अंगणात उभे राहून म्हणालो, "सहावा बसणार नाही." ते वाक्य उच्चारायला फार जड गेलं. शेवटी घरातून एक जण बसने गेला, आणि तो जण आम्हीच होतो. गल्लीत दोन दिवस चर्चा झाली की गाडी मोठी झाली आणि मन लहान झालं. परवा मात्र त्याच शेजाऱ्यांनी सुनेसाठी बालआसन कुठे मिळतं ते विचारलं.

ज्यांना आईसारख्या कोणाला बसवून पाहायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी घरी यावं, गाडी अंगणातच असते. नोंदवहीही दाखवू. फक्त एका वेळी पाच जण.