अकरावीचा अर्ज आणि आपली मुले

दहावीचा निकाल लागला की नालासोपाऱ्याच्या आमच्या विहारात पंधरा-वीस दिवस रोज संध्याकाळी वर्ग भरल्यासारखी गर्दी होते. वरळीच्या, दादर-नायगावच्या चाळी सोडून परवडणाऱ्या खोलीसाठी इकडे आलेली, मूळची रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आपली माणसे मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, "सर, कुठली लाईन घ्यायची?" मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर हे काम आपसूक माझ्याकडे आले.

गेल्या निकालाच्या वेळी एक मुलगी आईबरोबर आली. एकाहत्तर टक्के गुण. वडील सफाईच्या कामावर कंत्राटी, आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने तिला विचारले, "पुढे काय व्हायचंय तुला?" ती म्हणाली, "माहीत नाही." कार्यकर्ता चिडला. बाबासाहेबांच्या लेकरांना ध्येय नसावे, ही समाजाची शोकांतिका आहे, असे बरेच काही तो बोलला. मुलगी मान खाली घालून उभी राहिली. आई म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा. तुम्ही लिहाल ते ती घेईल."

त्या माऊलीचे हे शेवटचे वाक्य मला त्या कार्यकर्त्याच्या भाषणापेक्षा जास्त बोचले. त्याचे कारण पुढे सांगतो.

पंधराव्या वर्षी आपण काय होणार हे ठाऊक नसणे यात गुन्हा कोणता? पांढरपेशा घरातला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होईपर्यंत 'अजून ठरलं नाही' म्हणतो आणि घरचे त्याला कौतुकाने वेळ देतात. त्याच्या घरात डॉक्टर काका आहे, वकील मामा आहे; चार व्यवसाय त्याने जेवणाच्या ताटावर बसून पाहिलेले असतात. आपल्या मुलाने पाहिलेले असतात ते शाळेतले मास्तर, दवाखान्यातला डॉक्टर, पोलीस आणि फलाटावरची गर्दी. जे पाहिलेच नाही त्यातून निवड कशी करायची? म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत प्रश्न ध्येयाच्या अभावाचा नाही. ध्येय ठरेपर्यंत थांबण्याची सवलत त्यांना नाही, हा प्रश्न आहे. आणि ते थांबले की दुसरेच कोणी तरी त्यांच्या वतीने ठरवून टाकते.

विषय दुसऱ्याने ठरवण्याची आपल्याकडे परंपरा आहे. बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत घ्यायचे होते. त्यांच्या थोरल्या भावालाही घ्यायचे होते. संस्कृतच्या शिक्षकाने अस्पृश्यांच्या मुलांना शिकवण्यास नकार दिला आणि दोघांनाही फारशी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते हा विषय घेऊन. जे दार बंद केले गेले ते त्यांनी पुढे आपल्या कष्टाने उघडले खरे, पण त्याची किंमत किती होती पाहा. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या प्रस्तावनेत संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे त्यांना स्वतःहून नोंदवावे लागले. इंग्रजी भाषांतरांच्या आधारे पंधरा वर्षे या वाङ्मयाचा अभ्यास केल्याचे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे शाळेतल्या एका विषयाचा हिशेब चाळीस वर्षांनी, जगातल्या मोठ्या विद्वानाला एका प्रस्तावनेत चुकवावा लागला. आणि याच बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत संस्कृत ही राजभाषा व्हावी या सूचनेला पाठिंबा दिला होता, हेही आपल्या तरुणांना ठाऊक असावे.

याची दुसरी बाजू कोलंबिया विद्यापीठातली. १९१३ ते १९१६ या काळात तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. परंतु त्याबरोबर इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. दार उघडे सापडल्यावर आपला महामानव एका खोलीत बसून राहिला नाही, सगळे घर हिंडून आला.

माझी गोष्ट लहान आहे. १९७९ साली कोकणातल्या एका शाळेतून मी दहावी झालो. गणितात वर्गात दुसरा होतो. पुढच्या अर्जावर शाळेतल्या गुरुजींनीच 'कला' असे लिहिले आणि वडिलांना सांगितले, "तुमच्यातल्या पोरांना हेच बरं. लवकर नोकरीला लागेल." वडिलांनी अंगठा दिला. मला कोणी विचारले नाही. गुरुजी वाईट नव्हते. माझे भले करत आहोत असेच त्यांना मनापासून वाटत होते. इतिहासाने मला भाकरी दिली, दृष्टी दिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो मी निवडलेला नव्हता. म्हणूनच "तुम्ही लिहाल ते ती घेईल" हे वाक्य ऐकून माझा हात आखडला. गुरुजींच्या जागी आता मी बसलो होतो एवढेच.

तेव्हा विषय लिहून देण्याऐवजी, कुठला विषय सोडल्याने कुठले दार कायमचे बंद होते, एवढे मी सांगू लागलो. जिचे ठरलेले नाही तिला हेच आधी कळायला हवे.

अकरावीला इंग्रजी सक्तीचे, त्याशिवाय एक दुसरी भाषा आणि शाखेचे ऐच्छिक विषय. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्याबरोबर गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही ठेवता येतात. गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट गेली. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय गेले, आणि बी.एस्सी. नर्सिंगही गेले, आपल्या पुष्कळ मुलींच्या मनात परिचारिका व्हायचे असते आणि हे त्यांना बारावीनंतर कळते. दोन्ही ठेवले तर ओझे जास्त, पण निर्णय दोन वर्षे पुढे ढकलता येतो. काही महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स, संगणक असे दोनशे गुणांचे 'बायफोकल' विषय असतात. त्यात गुण चांगले पडतात म्हणून मुले तिकडे धावतात. परंतु तो विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, असे दोन विषय जातात. म्हणजे मराठी सुटली. ज्या समाजाने मराठी साहित्याला नवी भाषा दिली त्याची मुले गुणांच्या हिशेबाने पंधराव्या वर्षी मराठीचा निरोप घेतात, याचे मला वाईट वाटते. असो.

वाणिज्य शाखेत गणिताऐवजी 'एस.पी.', म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, घेता येते. ती सोपी म्हणून बहुतेक मुले गणित टाकतात. पुढे सनदी लेखापालाच्या पहिल्याच परीक्षेत गणित उभे राहते आणि संगणकाच्या पदवीला अनेक ठिकाणी बारावीचे गणित मागतात. कला शाखेत आपण जातो तेव्हा महाविद्यालय देईल तो गठ्ठा उचलतो. वास्तविक अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, तर्कशास्त्र यांतून विचारपूर्वक निवडायला हवे. कला म्हणजे नापासांची शाखा ही समजूत आपल्यातही शिरली आहे. बाबासाहेबांचे विषय कोणत्या शाखेतले होते, एवढे त्या मंडळींनी आठवून पाहावे. वकिली, स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, अध्यापन यांना कोणतीही शाखा चालते.

आता एक सल्ला सगळीकडे दिला जातो: 'ठरत नसेल तर विज्ञान घ्या. विज्ञानातून कलेकडे येता येते, उलटे जाता येत नाही.' हे नियम म्हणून खरे आहे. व्यवहारात अर्धेच खरे. आपल्या वस्तीतला मुलगा मराठी माध्यमातून येतो, अकरावीला पुस्तके इंग्रजी. खाजगी क्लासची फी बापाच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी. क्लास नाही तर वर्गात काही कळत नाही. बारावीला कसेबसे पास होऊन, मन खचून तो कलेकडे येतो. आणि बारावीनंतर पुन्हा अकरावीला दुसऱ्या शाखेत बसायचे म्हटले तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. एक टप्पा पार करून त्याच टप्प्यावर दुसरा विषय शिकणाऱ्याला ती नाकारलेली आहे. १९४४ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झालेली ही शिष्यवृत्ती. आज अडीच लाखांच्या आतले कौटुंबिक उत्पन्न असले तर ती मिळते आणि तिच्यावर आपल्या हजारो घरांचे शिक्षण उभे आहे. म्हणजे चूक दुरुस्त करायला सुखवस्तू मुलाला एक वर्ष लागते, आपल्या मुलाला एक वर्ष आणि शिष्यवृत्ती. त्यामुळे विज्ञान घ्या असे मी सरसकट सांगत नाही. नववी-दहावीत गणित-विज्ञान आवडीने केले असेल, अभ्यासाला जागा आणि शिकवायला कोणी असेल तर घ्या. ते कोणी म्हणजे आपणच. आमच्या विहारात दोन अभियंते रविवारी दोन तास भौतिकशास्त्र शिकवतात. भाषणे कमी करून हे वाढवले पाहिजे.

त्या मुलीकडे वळतो. मी तिला विचारले, शाळेत कधी रमलीस? ती म्हणाली, सहावीत आम्हाला स्तूप बघायला नेलं होतं तेव्हा. सोपाऱ्याचा स्तूप आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. तिने विचारले, "सर, ते खोदायचं शिक्षण कुठल्या लाईनला असतं?" तीस वर्षे इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला सांगितले की पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. हाडे, धान्याचे दाणे, माती तपासायला विज्ञान लागते. लेख वाचायला पाली-संस्कृत लागते. आई म्हणाली, "त्यात पोट भरेल का?" मी खोटे बोललो नाही. जागा थोड्या आहेत, म्हणालो. पण आज तिला ते ठरवायचे नाही. त्या दिशेचे दार बंद होऊ नये एवढेच बघायचे आहे.

जे ठरलेले नाही त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काम मात्र विषयांचे नव्हेच, कागदांचे आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा अशा व्यावसायिक प्रवेशाला राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र मागतात. 'आपल्याला कुठे डॉक्टर व्हायचंय' म्हणून मूल अर्जच करत नाही. बारावीनंतर अचानक ठरते, तेव्हा हातात कागद नसतो आणि जागा जाते. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो आणि त्या वेळी कुटुंब जिथले रहिवासी होते तिथूनच जातीचा दाखला निघतो. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, कचेरी जवळ आली. परंतु आपली मूळ गावे चिपळूण, राजापूर, कणकवलीकडे. शाळेचे जुने रजिस्टर तिथे. त्यात 'महार' लिहिलेले आणि मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. राज्याने १९६० पासून आणि केंद्राने १९९० पासून बौद्धांच्या सवलती मान्य केल्या आहेत, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण नाते सिद्ध करणारी वंशावळ हवी, एकेक कागद हवा, आणि त्याला महिने जातात. म्हणून दहावीच्या सुट्टीतच गावाकडे माणूस पाठवा. शाखा कोणतीही असो.

प्रवेशाचा अर्ज आता ऑनलाईन असतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून सायबरवाल्याला वीस-पन्नास रुपये देऊन 'टाका कुठलंही' असे म्हणू नये. पसंतीक्रम घरी वहीवर लिहून न्यावा, आणि तो मुलाच्या अक्षरात असावा.

तिने वहीवर आधी कला लिहिले होते, मग खोडले, मग विज्ञान लिहिले. चारही विषय आणि दुसरी भाषा मराठी. मी काही बोललो नाही. वसईच्या बाजूला प्रवेश मिळाला. पहिल्या चाचणीत रसायनशास्त्रात ती नापास झाली, गणितात पास झाली. रविवारी येते.

तिचे काका गावी जाऊन आले. सख्ख्या आजोबांचे नाव शाळेत १९५२ सालचे, म्हणजे उपयोगाचे नाही. त्यांच्या थोरल्या भावाचे १९४८ सालचे सापडले, पण रजिस्टरात जात 'म्हार' अशी लिहिली आहे आणि आडनाव नाही. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करायचे आहे. पुढच्या रविवारी ते कागद घेऊन येणार आहेत.