दुसऱ्या गुरुजींची जागा

न्यायाधीश बदलून गेले, नवे तहसीलदार रुजू झाले, बाजार समितीत नवे सचिव आले, की वर्तमानपत्रे त्या वार्तेस चार ओळींची जागा काढतात आणि वाचकही ती आवर्जून वाचतात. हे योग्यच आहे. ज्याच्या सहीवाचून आपले काम अडते तो मनुष्य कोण, हे जाणण्याचा नागरिकास हक्क आहे. परंतु बालाघाटाच्या डोंगरातील एखाद्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतून एक गुरुजी बदलून गेले आणि त्यांच्या जागी सहा महिने कोणीच आले नाही, तर ही वार्ता छापण्याच्या योग्यतेची आहे असे कोणास वाटत नाही. बीड जिल्ह्यात याहून महत्त्वाची वार्ता क्वचितच असेल, असे आमचे मत आहे. आणि त्याची कारणे आज वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

दोनशिक्षकी शाळा म्हणजे काय, हे शहरातील पालकास चटकन ध्यानी येणार नाही. दोन खोल्या, पाच इयत्ता व दोन गुरुजी. एकाने पहिली-दुसरी सांभाळावी, दुसऱ्याने तिसरी ते पाचवी, अशी तेथील वाटणी असते. यांपैकी एक जागा रिकामी झाली की उरलेल्या गुरुजींकडे पाची इयत्ता येतात. शिवाय पोषण आहाराचा हिशेब, वरिष्ठांनी मागविलेली माहिती, केंद्रावरची बैठक व पंचायत समितीतील टपाल हीही त्यांच्याच माथी. ज्या दिवशी ते तालुक्यास जातील त्या दिवशी शाळा उघडी राहिली तरी शिकवणे बंद. मोंढ्यातील आडत्यास आम्ही विचारतो, की ऐन हंगामात वजन, पट्टी, रोकड व खतावणी ही चारही कामे एकाच मुनिमाच्या गळ्यात घालून, वर त्यासच बँकेत पाठवून, आपण दुकान चालवाल काय? जे दुकानी चालत नाही ते शाळेत चालते असे मानावयाचे, तर मुलांच्या शिक्षणास आपण तोलाच्या मालाइतकीही किंमत देत नाही असा त्याचा अर्थ होईल.

आता कायदा पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक असलेच पाहिजेत. पट दहाचा असो वा पन्नासचा. कलम २६ असे सांगते की सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळेत शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर संख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. येथे विधिमंडळाने 'शाळेत' असा शब्द वापरला आहे, 'जिल्ह्यात' असा नव्हे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. जिथे मंजूर जागाच दोन आहेत तिथे एक रिकामी राहिली की पन्नास टक्के रिकामी झाली. म्हणजे कायद्याच्या भाषेत लहान शाळेची एकही जागा रिकामी ठेवण्याची मुभा नाही. जिल्ह्याची सरासरी दाखवून या कलमातून सुटता येणार नाही.

दुसरे कलम २५ चे. एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकास दुसऱ्या शाळेत वा कचेरीत राबवू नये, आणि कलम २७ मध्ये सांगितलेली दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ही तीन कामे वगळता शिक्षणबाह्य कामास लावू नये, असे ते स्पष्ट बजावते. निवडणुकीच्या कामासही मर्यादा आहे. मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून सुटीच्या वा अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सेंट मेरीज स्कूलच्या खटल्यात सांगितले आहे. इतके असूनही 'कामगिरीवर' हा शब्द कोणत्याही शिक्षकाच्या कानास अपरिचित नाही. नाव एका शाळेच्या हजेरीपटावर आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था होय. कागदावर दोन गुरुजी दिसतात, गावास एकच दिसतो.

सरकारचे धोरण या बाबतीत गेली काही वर्षे हेलकावे खात आले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे राज्यात वीसहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुले व २९,७०७ शिक्षक होते. पुढील वर्षी, ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोहोंपैकी एक शिक्षक मासिक १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमावा असा निर्णय निघाला. शिक्षकांनी सामुदायिक रजा घेऊन मोर्चे काढले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. रद्द झाला हे चांगले झाले. परंतु या दीड वर्षात वाडीवरच्या आईबापांस काय कळले? आपली शाळा राहणार की जाणार, येणारे गुरुजी कायमचे की अकरा महिन्यांचे, यांतले काहीही त्यांस कोणी सांगितले नाही.

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. बारा मुलांच्या शाळेत ना खेळाचा संघ होतो, ना स्नेहसंमेलन. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, सवंगडी सर्व मिळते. आणि एवढ्याशा पटावर दोन पगार खर्चणे तिजोरीस परवडत नाही, असे ते म्हणणे आहे. यातील पहिल्या भागात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण सहा वर्षांच्या मुलीने पावसाळ्यात ओढा ओलांडून पुढल्या गावी जावे, आणि गाडी आली नाही त्या दिवशी घरी बसावे, यास सवंगड्यांचा लाभ म्हणता येणार नाही. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हे तत्त्व याच विचाराने ठरले आहे. राहिला पैशाचा प्रश्न. नामदार गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हाही पैशाची अडचण सांगण्यात आली, आणि पुढील वर्षी ते फेटाळले गेले. तेव्हाचे सरकार परके होते. आजचे आपले आहे. त्याच्या तोंडी तोच युक्तिवाद शोभत नाही.

बीड जिल्ह्यास या प्रश्नाची धार अधिक आहे. दसरा-दिवाळी झाली की येथील हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यास पाच-सहा महिने फडावर राहावे लागते, आणि मागे कोणी नसेल तर लेकरेही गाडीत बसतात. त्यांस गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजीपाशी वा नातलगांकडे राहते व त्याच्या जेवणाची सोय होते. ही योजना चांगली आहे, पण ती चालते कोणाच्या जिवावर? कोणते घर कधी निघणार, कोणते मूल मागे राहू शकेल, हे ज्यास ठाऊक असते आणि जो दाराशी जाऊन आईबापांची समजूत घालतो, त्या गुरुजींच्या जिवावर. भाद्रपदात ही जागा रिकामी असेल तर कार्तिकात यादी अपुरी राहते, आणि ते मूल फडावर जाते. जे मूल आज वाचावयास शिकले नाही, तेच उद्या उचलीच्या कागदावर न वाचता अंगठा उठवील.

एका शिक्षकाच्या येण्याने काय होते, हे या जिल्ह्यास पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून अंबाजोगाईस आले. तेव्हा गावाचे नाव मोमिनाबाद होते, राज्य निजामाचे होते आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी व बाबासाहेब परांजपे आदि सहकाऱ्यांनी वाहिली. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात स्वामीजी उतरले, आणि दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, मराठवाडा मुक्त झाला. त्या लढ्याच्या धुरीणाची ओळख प्रथम शाळामास्तर म्हणून झाली होती, हे आपण विसरू नये.

आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. जिल्हा परिषदेने जूनमध्ये शाळा उघडण्याच्या दिवशी प्रत्येक शाळेच्या दारी एक फलक लावावा. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती व कामगिरीवर कोण, एवढेच त्यावर असावे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे अशी माहिती न मागता देणे हे कचेरीचे कर्तव्यच आहे. बदलीचा हुकूम निघेल त्याच दिवशी बदली येणाऱ्याचेही नाव ठरावे, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीस लेखी कळवावे. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणतो. त्यांस केवळ सहीपुरते बोलावू नये.

शहरवासी वाचकांस व व्यापारी बंधूंसही आमचे सांगणे आहे. आपल्या दुकानी येणारे गिऱ्हाईक याच वाड्यांवरून येते. त्यांस एक प्रश्न विचारीत जा: गावच्या शाळेत गुरुजी किती? उत्तर 'एकच' असे आले, तर अर्ज लिहून द्या. वकीलबंधूंनी कलम २५ व २६ त्या अर्जात घालावे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची पोच घेण्यास शिकवावे. वर्तमानपत्रांनी बदल्या-नेमणुकांच्या सदरात तहसीलदारांच्या शेजारी वाडीवरच्या गुरुजींनाही जागा द्यावी. कोण आले, कोण गेले, आणि कोणती जागा किती दिवस रिकामी आहे, हे दर महिन्यास छापावे. ज्या रिकाम्या जागेचे दिवस चारचौघांत मोजले जातात, ती भरण्याची निकड कचेरीसही भासू लागते.