खिळे वितळले, पंच उरले

कोणी इंदुरात ऐकत असेल, कोणी बडोद्यात, कोणी बेळगावात, कोणी तंजावरात. मी बोलतेय कोलकात्याहून. आजचा प्रश्न तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी विचारलाय: हातचं सगळं गेल्यावर श्रद्धा खरंच उपयोगी पडते का, की ती नुसती मनाची समजूत असते?

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगते. मी मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली. लग्नानंतर इथं आले आणि छपाई-बाइंडिंगचं छोटं दुकान काढलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका अशी कामं यायची. अकरा वर्षं बरं चाललं. मग एका पावसाळ्यात रात्रीत गुडघाभर पाणी शिरलं. कागदाची रिमं फुगून फुटली, संगणक गेला आणि त्यात एका ग्राहकाचं जुळवून तयार झालेलं तीनशे पानांचं पुस्तकही गेलं. त्याची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. चूक माझीच होती. दोन महिने शटर उघडलं नाही. रविवारी उपासनेला जायचे, पण ओठ हलायचे नाहीत.

आमच्या पाळकांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "एकदा श्रीरामपूरला जाऊन या." मला वाटलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं, साखर कारखान्यांचं श्रीरामपूर! ते हसले. म्हणाले, "हावड्याहून लोकल पकडा. हुगळीच्या काठचं श्रीरामपूर."

मंडळी, या श्रीरामपुराशी आपल्या मराठीचं जुनं नातं आहे. १८०५ मध्ये मराठीचं एक व्याकरण इंग्रजीतून छापलं गेलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, तोही मोडी लिपीच्या खिळ्यांनी. हे करणारा माणूस महाराष्ट्रात राहिलेला नव्हता. तो विल्यम केरी. इंग्लंडमधला जोडे शिवणारा कारागीर. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा, आणि त्याला मराठी शिकवायला वैजनाथ पंडित होते.

केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आला तेव्हा त्याच्यामागे अपयशाची रांगच लागली. बरोबर आणलेले पैसे काही आठवड्यांत संपले. बायकामुलांसह सुंदरबनाकडे जाऊन राहावं लागलं. पुढे एका निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. तिथं १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. पत्नी डोरोथीचं मन त्यानंतर कधीच ताळ्यावर आलं नाही. सुवार्ता सांगायला आलेल्या या माणसाच्या हातून पहिला बाप्तिस्मा व्हायला सात वर्षं लागली. १८०० च्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा हुगळीत झाला.

त्याच वर्षी केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपुरात छापखाना उभा केला. तिघांची मिळकत एकाच पेटीत पडायची. कॉलेजातला केरीचा पगारही तिथंच जायचा.

आणि मग ११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. छापखान्यातल्या कागदाच्या साठ्याला आग लागली. केरी तेव्हा कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमननं जाऊन बातमी सांगितली. कागद जळाला होता, अनेक लिप्यांचे खिळे वितळून शिशाचे गोळे झाले होते, भाषांतरांची हस्तलिखितं राख झाली होती. अनेक भारतीय भाषांचा एकत्र कोश करण्याचं केरीचं वर्षानुवर्षांचं कामही त्यातच गेलं. नुकसान सुमारे ७०,००० रुपयांचं, त्या काळातल्या रुपयांचं.

आता छपाईतली एक गोष्ट समजावून सांगते, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तिच्यातच आहे. जुन्या छपाईत एक अक्षर तयार करायला तीन पायऱ्या असत. आधी कारागीर पोलादाच्या दांडीवर अक्षर उलटं कोरायचा. तो पंच. तो पंच तांब्यावर ठोकला की अक्षराचा खळगा उमटायचा. ती मातृका. त्या मातृकेवर वितळलेलं शिसं ओतलं की निघायचा खिळा. छपाई खिळ्यानं होते, पण खिळा मऊ असतो, झिजतो, आगीत वितळतो. पंच कोरायला फार वेळ लागतो, पण तो टणक असतो.

ढिगारा उपसताना त्या लोकांना पंच आणि मातृका सापडल्या. छपाईची यंत्रंही वाचली होती. वितळलेलं शिसं तिथंच पडलेलं होतं. मग त्याच शिशातून, त्याच मातृकांवर, पुन्हा खिळे ओतायला सुरुवात झाली. बातमी इंग्लंडला पोचल्यावर तिथल्या मंडळ्यांनी सुमारे दोन महिन्यांत नुकसानभरपाईइतका पैसा उभा केला.

मग यात श्रद्धेनं नेमकं काय केलं? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, आगीनंतर केरीनं स्तोत्रसंहितेतल्या ४६ व्या स्तोत्राच्या आधारे प्रवचन केलं. त्याचा आशय असा, की देवाला आपल्याविषयी ठरवण्याचा अधिकार आहे आणि आपण ते मानून घ्यावं. हे हातपाय गाळणं नव्हतं. "माझ्याच नशिबी का?" या प्रश्नात अडकलेली ताकद त्यानं मोकळी केली आणि कामाला लावली.

दोन, त्यानं पत्रात लिहिलं, त्याचा भावार्थ सांगते: एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना त्रास होतो, पण पाऊल जास्त सहज आणि खात्रीनं पडतं. म्हणून पुन्हा केलेली भाषांतरं तो आधीपेक्षा नीट करू पाहत होता. ध्यास म्हणजे सतत पेटलेला उत्साह नव्हे. केरी स्वतःविषयी सांगायचा, की मला चिकाटीनं रखडत पुढं जाता येतं, एवढाच माझा गुण.

तीन, तो एकटा नव्हता. सामाईक पेटी होती, पंडित होते, पंचानन कर्मकारांच्या तालमीत तयार झालेले ओतकामाचे कारागीर होते.

पण मंडळी, अर्धंच सांगितलं तर ती फसवणूक होईल. सगळं परत आलं नाही. तो मोठा एकत्र कोश पुन्हा पूर्ण झाला नाही. आणि डोरोथी आगीच्या आधीच, १८०७ मध्ये, बरी न होताच वारली. तिनं हा ध्यास निवडला नव्हता, तरी त्याची सगळ्यात मोठी किंमत तिनंच मोजली. केरीचं यश सांगताना तिचं नाव गाळणं मला जमत नाही. श्रद्धा म्हणजे नुकसानभरपाईची हमी नव्हे. तुमच्या ध्यासाची किंमत घरातलं कोण मोजतंय, हेही अधूनमधून विचारावं.

श्रीरामपुरातून परतताना लोकलमध्ये मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादी केली. डावीकडे खिळे, म्हणजे गेलेलं: कागद, संगणक, ते पुस्तक. उजवीकडे पंच, म्हणजे उरलेलं: जुळणी येणारे हात, कागद कापायचं जुनं यंत्र, उधार देणारा कागदवाला, नवऱ्याची साथ. उजवी बाजू लांब निघाली.

दुसऱ्या दिवशी आधी त्या ग्राहकाकडे गेले आणि खरं ते सांगितलं. ते रागावले, मग मूळ हस्तलिखित काढून दिलं. तीनशे पानं मी पुन्हा जुळवली, त्याच पैशांत. दुसऱ्या वेळी पहिल्या जुळणीतल्या कितीतरी चुका सापडल्या. आज दुकान चालू आहे. मोठं झालेलं नाही, पण कर्ज फिटलंय, दोन मुली माझ्याकडे काम शिकतात, आणि प्रत्येक कामाची प्रत दोन ठिकाणी ठेवायचा नियम आहे. याला मी यश म्हणते.

तुमचा देव कोणताही असो, किंवा नसो, आज रात्री एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे खिळे, उजवीकडे पंच. डावी बाजू आपोआप भरेल. उजवीकडे मात्र जरा वेळ बसा.

भेटू पुढच्या भागात.