‘ओल्ड’ लिहिलं म्हणून फाइल वाचत नाही

भिलाईत शेजारचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन घरी आला. प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीच्या तापमानाच्या आठवडाभराच्या नोंदी त्याने एका फाइलीत ठेवल्या होत्या. फोर्ट्रानचा प्रोग्राम चालवला, आणि फाइलीत उरली फक्त त्या दिवसाची एक ओळ. “काका, मी तर स्टेटस ‘ओल्ड’च लिहिलं होतं!”

हा गैरसमज मी पुष्कळांकडून ऐकला आहे: ‘ओल्ड’ म्हणजे जुना मजकूर सुरक्षित. वस्तुस्थिती अशी की स्टेटस फक्त फाइलीच्या अस्तित्वाबद्दल बोलतो. ‘ओल्ड’ म्हणजे फाइल आधीपासून असलीच पाहिजे, नसेल तर चूक. ‘न्यू’ म्हणजे ती नसलीच पाहिजे. आत काय करायचं, याच्याशी दोघांचा संबंध नाही. नुकतीच उघडलेली फाइल साधारणपणे सुरुवातीलाच उभी असते. तिथे क्रमाने लिहायला लागलात, की लिहिलेली ओळ हीच फाइलीची शेवटची ओळ ठरते. पुढचं सगळं जातं. त्या मुलाचं नेमकं हेच झालं.

नोंद खाली जोडायची तर ‘पोझिशन’ला ‘अपेंड’ सांगावं लागतं. नुसतं वाचायचं असेल तर ‘अ‍ॅक्शन’ला ‘रीड’. मग चुकून लिहायला गेलात तरी प्रोग्राम अडवतो. हे दोन्ही फोर्ट्रान ९० मध्ये आले. फाइल उघडणारी ‘ओपन’ आज्ञा आणि तिच्यातला ‘स्टेटस’ मात्र फोर्ट्रान ७७ पासूनचे आहेत.

स्टेटस लिहिलाच नाही तर फाइल नवी मिळते, असंही काहीजण धरून चालतात. तसं नाही. तेव्हा तो ‘अननोन’ मानला जातो आणि पुढचं वागणं कंपायलरवर सोडलेलं असतं. बहुतेक ठिकाणी फाइल असेल तर तीच उघडते, नसेल तर बनते. म्हणजे नावात एक अक्षर चुकलं तर प्रोग्राम गुपचूप रिकामी फाइल बनवतो, आणि आपण नोंदी शोधत बसतो. म्हणून वाचायच्या फाइलीला ‘ओल्ड’ लिहावंच, असं माझं आग्रहाचं मत आहे.

‘स्क्रॅच’ स्टेटसची फाइल तात्पुरत्या कामासाठी असते. तिला नाव देता येत नाही आणि काम संपलं की ती पुसली जाते. ‘रिप्लेस’ असलेली फाइल काढून त्याच नावाची नवी करते.

पायथनमध्येही हाच धोका आहे. तिथे ‘डब्ल्यू’ने फाइल नुसती उघडली, एक अक्षरही लिहिलं नाही, तरी ती रिकामी होते. फाइल आधीच असेल तर थांबायचं असल्यास ‘एक्स’ वापरावं.

मुलाच्या नोंदी वहीतही होत्या. आम्ही ‘ओपन’मध्ये ‘अपेंड’ घातलं, त्याने सहा दिवसांचे आकडे पुन्हा भरले आणि प्रोग्राम चालवला. सातवी ओळ सहावीच्या खाली आली.