तेल आत ढकलणारं रबर

दिल्लीच्या मायापुरीत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या गल्ल्या आहेत. तिथे डिफरन्शियल कलिंगडांसारखी रचलेली दिसतात.   दुकानदार एक डिफरन्शियल फडक्याने पुसून पुढे करतो. ‘‘एक बूँद नहीं टपकती, साहब!’’

कशी टपकेल? आत तेलच नाही.

आधी या लोखंडी गोळ्याचं कौतुक करू. गाडी कॅनॉट प्लेसला एक पूर्ण फेरी मारते तेव्हा बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त धावतं. दोन चाकांत 1.4 मीटर अंतर धरलं, तर सुमारे 8.8 मीटर जास्त. आता इंडिया गेटभोवतीच्या षट्‌कोनी रस्त्याने फिरा, किंवा गल्लीतल्या पिंपळाला प्रदक्षिणा घाला. फरक तेवढाच, 8.8 मीटर! वर्तुळ केवढंही असो, चाकांमधल्या अंतराला 2π ने गुणायचं, झालं. हा हिशेब डिफरन्शियल वळणावळणावर चुकता करतं. त्यात इंजिनाचा जोर आत आणणाऱ्या पिनियनचे आणि त्याला भिडलेल्या मोठ्या चक्राचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसटतातही. म्हणून त्यांना गंधकयुक्त, उग्र वासाचं जाड तेल लागतं. ते आत राखायचं काम तीन ऑइल सीलांकडे: दोन चाकांच्या बाजूंना, तिसरं पुढे, पिनियनवर.

ऑइल सील म्हणजे बूच, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण बूच फिरत्या शाफ्टला कोरडं घासलं, तर बघता बघता करपेल. सीलचा ओठ खरं तर तेलाच्याच थरावर तरंगत असतो, आणि तो थर साधारण मायक्रॉनभर जाड. आपला केस त्याच्या पन्नासपट तरी जाड असेल. मग ते तेल बाहेर का येत नाही? ओठाचा उतार तेलाकडे उभा आणि हवेकडे लवता ठेवलेला असतो. शाफ्ट फिरला की रबराच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे तिरके ताणले जातात आणि बाहेर निघालेलं तेल पुन्हा आत ढकलतात. इवलासा पंपच तो! सील उलटं बसवलं तर तोच पंप इमानेइतबारे तेल बाहेर उपसतो.

म्हणूनच मायापुरीतल्या कोरड्या सीलचा भरवसा धरू नये. दिल्लीच्या उन्हाळ्यात उघड्यावर पडून रबर कडक होतं, ओठ एकाच आकारात ताठरतो. चाकांकडची दोन सीलं मी तरी डोळे झाकून बदलीन. डिफरन्शियल टेबलावर असताना हे काम सोपं असतं. शिवाय तिथे गळती झाली की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर जातं. नवं सील घालण्याआधी शाफ्टवरून नख फिरवावं. खाच लागली, तर सील मिलिमीटरभर मागेपुढे बसवतात, म्हणजे नवा ओठ जुन्या चरात पडत नाही.

पिनियनच्या सीलपाशी मात्र हात आखडता घ्यावा. तिथवर पोचायला पिनियनचा नट सोडावा लागतो. पुष्कळ गाड्यांत त्या नटामागे एक पातळ नळी असते. नट आवळताना ती चेपते आणि किती चेपली यावर बेअरिंगचा ताण ठरतो. एकदा चेपलेली नळी पुन्हा फुगत नाही. नट अंदाजाने आवळला की ताण बिघडतो आणि चांगलं डिफरन्शियल पुढे घोंगावायला लागतं. म्हणून पिनियनच्या बाहेरच्या फ्लँजभोवती काजळासारखा ओला चिकटा नसेल, तर मी ते सील राहू देईन. बदलायचंच असेल, तर नवी नळी आणि पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजणारा मिस्त्री, दोन्ही हवेत.

आणि हौजिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, डोक्यावरचा तो हवा सोडणारा बारकासा ब्रीदर. चिखलाने तो बुजला की तापलेल्या हवेला वाट राहत नाही, आणि कोरी सीलंही दाबाने गळू लागतात. सीलांना दोष देण्याआधी त्यात फुंकर मारून बघा.