पत्र्याची भिंत आणि आग

लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी सांगाड्याची भिंत आगीत टिकेलच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती धोक्याची आहे. हल्ली अशा भिंतींचा सांगाडा जाडजूड तुळयांचा नसतो. एक-दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा न तापवता, थंडच वाकवून त्याचे खांब करतात. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते खरी. पण ५०० अंशांच्या आसपासच या पत्र्याचे निम्मे बळ सरते. आणि प्रमाणित चाचणीच्या भट्टीत अर्ध्या तासातच ८४० अंश होतात!

मग अशी भिंत तासभर उभी राहते ती कशाच्या जोरावर? दोन्ही अंगांना स्क्रूने बसवलेल्या जिप्समच्या तक्त्यांच्या. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी बांधलेले असते. आगीला आधी त्या पाण्याची वाफ करावी लागते. तोवर आतला पत्रा फारसा तापत नाही. पाणी संपून तक्ता तडकला, गळाला, की खांब आगीकडे वाकतो आणि भिंत जाते.

तेव्हा मुदत ठरते ती तक्त्यांचे थर, सांधे आणि स्क्रूंमधले अंतर यांवर. दोन थरांत सांध्यावर सांधा येता कामा नये. चाचणीत दोन थर आणि बांधताना एकच, असे झाले तर दाखल्यावरचा ‘एक तास’ खोटा ठरतो. तो तास पलीकडच्या जिन्याने उतरणाऱ्या माणसांचा असतो. आम्ही जन्मभर कामाच्या तासांचा हिशेब मागत आलो. या तासाचा हिशेबही भिंतीवर रंग चढण्यापूर्वीच मागावा.